पर्युषणातले आठ दिवस

अमळनेर, २६ सप्टेंबर

बेबाबाईस,

जय जिनेंद्र.

तुझा फोन किरणकडे असतो आणि माझं नाव दिसलं की ती कट करते. म्हणून लिहिते आहे. तुझी मुलगी तुला वाचून दाखवील. तिला बाराखडी मीच गिरवायला बसवलं होतं, माझ्या ओट्यावर. ती विसरली नसेल.

तू गेलीस त्याला आठ दिवस झाले. घर अडलेलं नाही. तुला वाटत असेल, तर तसं नाही.

भुरीच्या मानेवरचा चट्टा परत उघडा पडला आहे. टिकलीच्या शेपटीजवळ नवा आला. कालूच्या पुढच्या पायावर एक आहे, बंद्या रुपयाएवढा. कुत्र्याला इतके दिवस काही नव्हतं. डॉक्टर नवल सोमवारी आले आणि सगळं पहिल्यापासून सुरू करायला सांगून गेले. तोंडातून औषध रोज. आठवड्यातून दोनदा अंघोळ, शाम्पू दहा मिनिटं अंगावर ठेवून. ज्याच्या अंगावर काही दिसत नाही त्यालाही. फरशी ब्लीचच्या पाण्याने. तेच सगळं, जे तू करत होतीस.

एकच विचारायचं होतं. भुरीला तू एकटी अंघोळ कशी घालायचीस? काल मी आणि शेजारच्या इंदिराबाई दोघी होतो, तरी तिने माझं मनगट फाडलं. शाम्पू दोन मिनिटंसुद्धा अंगावर राहिला नाही. तू म्हणायचीस, "भाभी, हाई मांजर नही, इस्तो शे." पण तुझ्या हातात तो विस्तव गप्प बसायचा.

त्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दल. माझ्या नातवाच्या, मननच्या गालावर गजकर्ण उठलेलं, सून रूपल रडते आहे, मुलगा महावीर जळगावहून काम टाकून आलेला, इंदिराबाई दारात उभ्या. सून विचारते, हे आलं कुठून. आणि तुझ्या हातावर ते दिसत होतं. बेबाबाईने आणलं, असं मी म्हणाले. माझ्या जागी कोणीही म्हटलं असतं.

तू हात पुसलेस. उंबऱ्यावर थांबून म्हणालीस, "हाई तुमना घरनं शे भाभी. मनं नही." एकोणीस वर्षांत तू मला उलट उत्तर दिलंस ते हे पहिलंच. मी मनाला लावून घेतलेलं नाही. मी तुला माफ केलं आहे.

परत ये.

गुलाबबाई

*

अमळनेर, ९ ऑक्टोबर

बेबाबाईस,

किरणचा मेसेज आला. मी तो तीनदा वाचला. तुझ्या मुलीचं शुद्धलेखन चांगलं आहे.

ती लिहिते की इंदिराबाईंनी तुझं काम बंद केलं, पलीकडच्या शेवंताबाईंनीही केलं. धुळ्याला गेल्यावर तिथे एका घरी तुला काम ठरलं होतं, पण ते घर इंदिराबाईंच्या मुलीच्या ओळखीचं निघालं आणि दुसऱ्याच दिवशी "नको" आलं. आईला माफी नको, ती लिहिते. आईने ते आणलं नाही, एवढं लिहून द्या. सहीनिशी.

इंदिराबाईंनी माझ्या एका वाक्यावर एवढं केलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण लिहून देण्याचं म्हणशील तर आमच्या घरात ती पद्धत नाही. आमच्या ह्यांनी, तू ज्यांना भाऊ म्हणायचीस त्यांनी, चाळीस वर्षं कापसाचे सौदे तोंडी शब्दावर केले. जिनिंगवाल्यांना सुवालालशेठचा होकार पुरायचा. त्यांच्या मागे मी कामवाल्या बाईला कागद लिहून देऊ? तू परत आलीस की गल्ली आपोआप गप्प होईल.

आता घराचं सांगते.

मी दुसरी बाई ठेवलेली नाही. ठेवणार नाही. समोरच्या खोलीतलं सगळं सामान काढलं. गादी, सतरंजी, भाऊंची आरामखुर्ची, सगळं गच्चीवर उन्हात. खोली रिकामी करून तिथे मांजरं ठेवली. कालू मागच्या अंगणात. खोलीत जाताना एक जुना गाऊन चढवते, बाहेर येताना दारातच काढते आणि उकळत्या पाण्यात टाकते. केस झाडूने उडवायचे नाहीत, ओल्या फडक्याने टिपायचे. फडकं जाळायचं. अडुसष्टाव्या वर्षी मी गुडघ्यावर बसून फरशी पुसते. ब्लीचने बोटांची सालं निघतात. तुझीही निघत होती, हे मला आता कळतं.

भुरीचं मला सापडलं. उशीचा अभ्रा. मांजर अभ्र्यात घालायचं, तोंड बाहेर ठेवायचं, आणि कापडावरूनच शाम्पू चोळायचा. नखं कापडात अडकतात. तू तसंच करत असणार, कारण धुण्यात नखांनी फाटलेला अभ्रा मला दर आठवड्याला दिसायचा आणि मी तुला त्यावरून बोलायचे. आज भुरी पूर्ण दहा मिनिटं बसली. मी घड्याळ समोर ठेवलं होतं.

महावीर म्हणतो, चारही जनावरं पांजरापोळात पाठवून दे, मी गाडी पाठवतो. मी म्हटलं, मी जिवंत आहे तोवर ती घरात बरी होतील. तो म्हणाला, "मम्मी, तू हट्टी आहेस." मी हो म्हटलं.

तुझा हात कसा आहे ते किरणने लिहिलं नाही.

गुलाबबाई

*

अमळनेर, २४ ऑक्टोबर

बेबाबाईस,

डॉक्टर नवल काल निळा दिवा घेऊन आले. भर दुपारी कोठीची दारं-खिडक्या लावून अंधार केला आणि एकेका मांजरावर दिवा धरला. लागण असलेले केस त्यात चमकतात म्हणे. भुरीच्या मानेवर थोडे केस पोपटी चमकले. टिकलीचे शेपटीजवळ. मग रुईला धरलं.

रुई तुला आठवते तशीच आहे. पांढरी, गुबगुबीत, अंगावर एक चट्टा नाही. दिव्याखाली तिचा डावा कान आणि अर्धं डोकं पोपटी झालं.

"हे पिल्लू घरात कधी आलं?" डॉक्टर म्हणाले.

"जुलैच्या शेवटी. धरणगाव रोडच्या जिनिंगमधून. सरकीच्या ढिगावर कुत्री मागे लागली होती."

"वेगळं ठेवलं होतं?"

मी म्हटलं, नाही. मी ते पदरात घालून आणलं आणि भुरीच्या टोपलीत ठेवलं. जीव वाचवला होता. त्याला कोपऱ्यात ठेवावं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तुझ्या आलं होतं. त्याच संध्याकाळी तू त्याचा कान उलटा करून आतलं गजकर्ण मला दाखवलंस. "भाभी, आठे दाद शे. बाहेर ठी द्या चार दिन." मी तुला म्हणाले की तुला मांजरं आवडत नाहीत म्हणून तू असं म्हणतेस.  नंतर सगळ्यांना अंघोळी तूच घातल्यास.

तेव्हा एवढं मी मान्य करते. गजकर्ण माझ्या घरात रुईने आणलं, आणि रुईला मी आणलं. ते तू आणलेलं नाहीस. इंदिराबाईंना मी आज सकाळी भिंतीवरून तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. आता कशाला उकरता?" आणि शेवग्याच्या शेंगा दिल्या.

तुला हवं असेल तर मी लिहून देते की ते पिल्लापासून आलं. दोन ओळी. तेवढ्याने तुझं काम होईल.

डॉक्टर जाताना म्हणाले की त्यांना एक उमगत नाही. ऑगस्टच्या शेवटी त्यांनी पाहिलं तेव्हा सगळ्यांचे केस परत येत होते, चट्टे सुकले होते. आणखी तीन आठवड्यांत संपलं असतं. मध्येच एवढं उलटलं कसं. मी म्हटलं, पावसाळा होता, दमट हवा. ते म्हणाले, असेल.

रुईचा कान मी आता रोज बघते. तुझ्यासारखा उलटा करून.

गुलाबबाई

*

अमळनेर, १२ नोव्हेंबर

बेबाबाईस,

किरणचा मेसेज एका ओळीचा होता. "आई विचारते, डॉक्टरांनी औषध बंद करायला कधी सांगितलं होतं?"

मी पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. दिवाळी आली आणि गेली. मनन आला नाही. रूपलने सांगितलं, घर स्वच्छ झाल्याचा कागद लॅबमधून आला की येऊ.

डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं नव्हतं. कधीच नाही. ३१ ऑगस्टला मी तुला तसं सांगितलं ते खोटं होतं.

आता सगळं लिहिते. किरण, थांबू नकोस, वाच.

दुसऱ्या दिवसापासून पर्युषण होतं आणि मी अठाई धरली होती. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. माझी ती नववी. आमच्यात लहानपणापासून कानावर असतं की लीलण-फूलणात, म्हणजे बुरशीत, अनंत जीव असतात. तिच्यावर पायही पडू द्यायचा नाही. आणि मी रोज सकाळी ती औषधाने मारत होते, फरशीवर ब्लीच टाकून मारत होते, मांजरांच्या कातडीवर मारत होते. ऑगस्टभर ते मी मनावर दगड ठेवून करू दिलं, कारण हात तुझे होते. पण या आठ दिवसांत माझ्या घरात ते नको होतं. माझी अठाई निर्मळ व्हायला हवी होती.

तुला खरं कारण सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "भाभी, मांजरेसले काय समजस पर्युषण?" आणि तू ऐकलं नसतंस. तू ते औषध मला न विचारता दिलं असतंस. म्हणून डॉक्टरांचं नाव घेतलं. डॉक्टरांचं तू ऐकायचीस.

बाटली मी कपाटात ठेवली, फडकी धुऊन ठेवली. पाचव्या दिवशी भुरी मान खाजवायला लागली. मी माळ ओढत होते. मला ऐकू येत होतं.

सातव्या दिवशी मला जिन्यात चक्कर आली. तू मला खाली बसवलंस, डोक्याखाली हात घातलास. तेव्हा तुझ्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, लाल कडं पाहिलं. गोल, मध्ये कातडी साफ. मला ते काय आहे ते माहीत होतं. तू म्हणालीस, घामोळं असेल. मी कपाटातली खाजेची ट्यूब तुला दिली आणि कोणाला सांगू नको म्हणाले. डॉक्टर म्हणतात त्या ट्यूबने ते वर वर दबतं आणि आतून पसरतं. ती ट्यूब मी दिली होती.

आठव्या दिवशी संवत्सरी. महावीर, रूपल, मनन आले. माझ्या अठाईची वाजतगाजत मिरवणूक निघाली, आमच्या जैन स्थानकात बहुमान झाला. मनन दुपारभर रुईला मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याला उठवायला हवं होतं. उठवलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. संध्याकाळी प्रतिक्रमण करून मी घरातल्या प्रत्येकापुढे हात जोडले. तुझ्यापुढेही. जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर खमतखामणा. तू माझ्या पाया पडलीस आणि म्हणालीस, "तुमीन कसाले भाभी." तुझ्या हाताला त्या ट्यूबचा वास येत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी औषध परत सुरू केलं. तुला म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं. उशीर झाला होता.

चातुर्मास संपत आला म्हणून परवा मी स्थानकात उतरलेल्या साध्वींकडे, महासतीजींकडे गेले. खरं सांगते, मी प्रायश्चित्त मागायला गेले होते ते औषध दिल्याचं. ऑक्टोबरभर मी एवढे जीव मारले त्याचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी सांगितलं की पर्युषणात मात्र आठ दिवस मी सगळं थांबवलं होतं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

त्यांनी विचारलं, "मांजरांना त्या आठ दिवसांत वेदना झाली?"

"झाली."

"काम करणाऱ्या बाईला काय सांगितलंत?"

मी सांगितलं.

त्या थोडा वेळ पात्र पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "औषध द्यावं की न द्यावं, हे विचारायला यायचं होतं. स्थानक तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. तुम्ही का आला नाहीत, तेही तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे. त्या "द्या" म्हणाल्या असत्या. मग माझी अठाई आधीच्या आठ अठायांसारखीच झाली असती.

मी विचारलं, प्रायश्चित्त काय. त्या म्हणाल्या, "उपवास सांगितला तर तुम्हाला आनंद होईल. ज्यांना खोटं सांगितलं त्यांना खरं सांगा. ज्यांच्यासमोर सांगितलं त्यांच्यासमोर."

गुलाबबाई

*

अमळनेर, १८ नोव्हेंबर

बेबाबाईस,

कार्तिकी पौर्णिमेला स्थानकात महासतीजींच्या निरोपाचा कार्यक्रम होता. साठ-सत्तर बाया होत्या. अठाई केलेल्यांची नावं परत वाचली. माझं नाव आलं तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, मला दोन मिनिटं बोलायचं आहे.

मी अनुभव सांगणार असं त्यांना वाटलं. मी सांगितलं. आठ दिवस काय केलं, तुला काय सांगितलं, तुझ्या हातावर काय पाहिलं, मननला का उठवलं नाही, आणि नंतर दोष कोणावर टाकला. माझा आवाज कापला नाही. माझी नवी साडी होती, बहुमानाची, आणि मी ताठ उभी होते. आजवर एवढ्या बायांसमोर मी माझं कौतुक ऐकलं होतं. हे बोलताना मला त्या कुठल्याही कौतुकापेक्षा ताठ वाटलं. तुला हे विचित्र वाटेल. मलाही वाटलं.

 मग मागून एक म्हातारी मारवाडीत म्हणाली, "आता तरी खाली बस, पाय दुखतील." थोडं हसू झालं. मी बसले.

तिथून मी घरी न जाता इंदिराबाईंच्या दारात गेले. त्या जैन नाहीत, स्थानकात येत नाहीत, म्हणून त्यांना वेगळं सांगावं लागलं. त्यांनी हात धरून आत ओढलं.

"हळू बोला हो. लोक काय म्हणतील तुम्हाला?"

मी म्हटलं, "तुम्ही धुळ्याला फोन केला तेव्हा हळू बोलला होता का?"

त्या चिडल्या. म्हणाल्या, मी तुमच्याच तोंडचं सांगितलं. ते खरं होतं. म्हणून मी तिथेच बसून राहिले. त्यांनी माझ्यासमोर मुलीला फोन लावला, स्पीकरवर, आणि मी तिला स्वतः सांगितलं. तिला वाटलं मी आजारी आहे. तिने दोनदा विचारलं, "काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?" मग शेवंताबाईंकडे गेले. त्या रडल्या. मी रडले नाही.

महावीरला आणि रूपलला जळगावला जाऊन सांगितलं. रूपलने मननला आत पाठवलं. मग म्हणाली, "तुम्ही मला हे सांगायला नको होतं मम्मी. पण बरं झालं सांगितलंत." मननचा गाल साफ झाला आहे. त्याच्याजवळ मी बसले नाही. कपडे बदलून गेले होते, तरी नाही.

रुईच्या केसांची पहिली तपासणी साफ आली. दुसरी पंधरा दिवसांनी यायची आहे. दोन्ही साफ आल्या तरच संपलं म्हणायचं, असं डॉक्टर नवल म्हणतात. कालू पूर्ण बरा आहे. भुरीच्या मानेवर काळे केस येत आहेत, आधी करडे होते. डॉक्टरांनी खोलीभर पाहिलं आणि विचारलं, कोणाला कामाला ठेवलं. मी म्हटलं, कोणालाही नाही, हे माझं आहे. त्यांनी त्यांच्या असिस्टंटला बोलावून खोलीचा कोपरा न् कोपरा दाखवला. त्या दिवशी मी दोनदा जेवले.

किरण लिहिते की तुझा हात सरकारी दवाखान्यात दाखवला, गोळ्या चालू आहेत आणि कडं फिकं होत आहे. ती ट्यूब फेकून दिलीस ते बरं केलंस. गोळ्या पूर्ण घे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस.

इंदिराबाई आणि शेवंताबाई, दोघींनी निरोप दिला आहे की बेबाबाईने परत कामावर यावं. निरोप पोचवते. यायचं की नाही ते तुझं. धुळ्याच्या त्या घरानेही विचारलं आहे असं कळलं.

मी तुला बोलावत नाही. माझ्या घराची फरशी मी पुसते. मला येतं आता. तू कधी धुळ्याहून अमळनेरला आलीस आणि या गल्लीतून गेलीस, तर दार उघडं असेल. आत आलीस तर खुर्चीवर बसशील. भाऊंची खुर्ची उन्हातून आत आणली आहे.

सोबत वेगळा कागद जोडला आहे. मी दोन ओळी देते म्हणाले होते. दोन ओळींत ते मावलं नाही.

गुलाबबाई

*

अमळनेर, १८ नोव्हेंबर

मी, गुलाबबाई सुवालाल ओस्तवाल, राहणार अमळनेर, लिहून देते की, माझ्या घरात या वर्षी जनावरांना आणि माणसांना जे गजकर्ण झालं, ते मी आणलेल्या मांजराच्या पिल्लापासून झालं. बेबाबाई पुना पाटील यांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि मला सांगितलं. मी ऐकलं नाही. त्यांच्या मेहनतीने ते बरं होत आलं असताना मी आठ दिवस औषध बंद केलं आणि डॉक्टरांनी सांगितलं असं त्यांना खोटं सांगितलं. त्यामुळे ते परत उलटलं, त्यांना झालं आणि माझ्या नातवाला झालं. ते त्यांनी आणलं असं मी लोकांसमोर म्हणाले. ते खोटं आहे हे मला माहीत असताना म्हणाले.

बेबाबाईंनी माझ्या घरी एकोणीस वर्षं काम केलं. एवढ्या वर्षांत त्या माझ्याशी एकदाही खोटं बोलल्या नाहीत.

हा कागद त्यांनी कोणालाही दाखवावा. ज्याला शंका असेल त्याने मला येऊन विचारावं. मी घरीच असते.

सही
गुलाबबाई सुवालाल ओस्तवाल